ग्रंथोत्सवात चार दिवस, ८३ प्रती: स्वतःचं पुस्तक स्वतः विकताना

बाजरीचं_कणीस

नमस्कार मंडळी,

पुस्तक छापावं का, किती प्रती काढाव्यात, हे विचारायला मी इथे धागा काढला होता. तेव्हा तुम्ही हातचं न राखता सांगितलंत. आता विक्रीचं काय झालं तेही सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात चार दिवस गाळ्यावर उभी राहिले. ५०० पैकी ८३ प्रती गेल्या. शेवटच्या रात्री घरी आले ती आनंदानं पहाटेपर्यंत जागीच होते.

तो धागा ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी: मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. पुस्तक आहे बहात्तरच्या दुष्काळात कामावर गेलेल्या बायकांच्या आठवणींचं. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, हे मी मुलांना शिकवत आले. पण त्याच्या आधी खडी फोडणाऱ्या, पाझर तलावाची माती वाहणाऱ्या, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरी खाऊन दिवस काढणाऱ्या बायका माझ्याच गल्लीत होत्या आणि त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. सहा वर्षं त्यांच्याकडे जाऊन बसले. त्यातल्या नऊ जणी आता नाहीत. १७६ पानं, किंमत २५० रुपये, प्रकाशक मीच.

गाळा आम्ही तिघांत घेतला होता. एक कवी, एक गडकिल्ल्यांवर लिहिणारे आणि मी. भाडं ४,५०० रुपये, म्हणजे माझ्या वाट्याला १,५००.

पहिला दिवस वाईट गेला. चाळीस प्रतींची थप्पी पेटीसारखी रचून ठेवली होती, कडा कडेला लावून. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी म्हणत होते, "या ना, बघा ना, आपल्याच तालुक्याचं पुस्तक आहे." लोक हसून पुढे जात. कुणी थांबलं की मी लगेच पुस्तकाविषयी सांगायला सुरुवात करायची आणि दोन मिनिटांत ते घड्याळ बघायचे. पस्तीस वर्षं वर्गात बोलायची सवय, ती अशी आडवी आली. दुपारी तीनला भवानी झाली, तीही माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं केली. दिवसभरात सहा.

संध्याकाळी शेजारच्या गाळ्यावरचे काका आले. पोथ्या, पाककृती आणि लहान मुलांची रंगीत पुस्तकं घेऊन ते गावोगावच्या जत्रा आणि प्रदर्शनं करतात. माझी थप्पी बघून म्हणाले, "बाई, रचलेल्याला गिऱ्हाईक हात लावत नाही. त्याला वाटतं, आपण मोडलं तर." त्यांनी वरच्या चार प्रती उचलल्या, एक तिरकी ठेवली, एक मधोमध उघडून पालथी घातली, दोन टेबलाच्या अगदी कडेला आणल्या. "आता हे कुणीतरी वाचता वाचता ठेवून गेलंय असं दिसतंय. आणि तुम्ही जरा बसा. उभ्या माणसासमोर वाचायला लाज वाटते लोकांना."

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर बसले आणि गप्प राहिले. मला फार जड गेलं ते. पण माणूस पुस्तक उचलतो, पाठ बघतो, मग किंमत, मग मधलंच एखादं पान उघडतो. त्या पानावर त्याची नजर दुसऱ्या परिच्छेदापर्यंत गेली की तो बहुतेक घेतोच. तेवढा वेळ त्याला मिळाला पाहिजे. मी बोलले की ती नजर पानावरून उठते, हे मला त्या दिवशी बसून बसून दिसलं. त्या दिवशी चौदा गेल्या.

जास्तही गेल्या असत्या. दुपारी मैदानावर गर्दी झाली आणि मोबाइलचं नेटवर्कच गेलं. क्यूआर कोड समोर, लोकांच्या हातात पुस्तक, आणि पैसे जाईनात. सुटे माझ्याकडे नव्हते. पाच-सहा जण पुस्तक परत ठेवून गेले. चौघांना मी माझा नंबर लिहून दिला, म्हटलं घेऊन जा, घरी गेल्यावर पाठवा. रात्री नऊपर्यंत चौघांचेही पैसे आले. एकानं सोबत लिहिलं होतं, "पान ४० पर्यंत आलोय."

त्याच दिवशी एका गावच्या वाचनालयाचे ग्रंथपाल आले, तीन प्रती काढल्या आणि पावती मागितली. माझ्याकडे पावतीपुस्तकच नाही! कोऱ्या कागदावर सही करून देऊ का, म्हटलं. त्यांनी हात जोडले, "ताई, तपासणीत चालत नाही." रात्री स्टँडजवळच्या दुकानातून पावतीपुस्तक आणलं, शिक्का घरी होताच. ते तिसऱ्या दिवशी पुन्हा आले, त्यांचे उपकार मानते.

तिसऱ्या दिवशी शनिवार. आदल्या रात्री मी एक काम केलं होतं. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "या पुस्तकात या गावांच्या बाया बोलतात," आणि खाली गावांची नावं. पळशी, मार्डी, बिजवडी, राणंद, कुकुडवाड, देवापूर, वरकुटे-मलवडी, अशी एकोणीस. पुठ्ठा टेबलाला पुढून बांधला. सकाळपासून लोक वाकून वाचायला लागले. बोट लावून गाव शोधायचे. सापडलं की थेट विचारायचे, "आमच्यातलं कोण?" मग मी पान काढून द्यायचे. ज्यांचं गाव नव्हतं ते तर आणखी थांबले. "आमच्याकडं पण मोठं काम निघालं होतं की, ते कसं नाही घेतलं?" मी वही काढली. चार दिवसांत अकरा नावं आणि फोन नंबर लिहून घेतलेत, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या बायका. पुस्तक विकायला गेले आणि पुढच्या पुस्तकाची माणसं भेटली. शनिवारी ३७ प्रती गेल्या.

एक प्रसंग मात्र सविस्तर सांगते. रविवारी अकराच्या सुमारास एक आजी आल्या, सोबत कॉलेजातला नातू. आजींना वाचता येत नाही. मुखपृष्ठावर घमेलं घेतलेल्या बाईचं चित्र आहे, त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "चुंबळ न्हाई दिली हिला." मी बघतच राहिले. खरंच, डोक्यावर घमेलं आहे आणि खाली चुंबळ, म्हणजे ओझ्याखाली ठेवायची कापडाची गुंडाळी, नाही. चित्रकारानं काढली नव्हती, मी पाहिली नव्हती, छापून आल्यावरही वर्षभर कुणाला दिसली नव्हती. मग नातवानं सुकडीचं पान वाचून दाखवलं. मी लिहिलंय की सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारा पौष्टिक खाऊ, दुपारच्या सुट्टीत वाटायचे. आजींनी मान हलवली. "दुपारी न्हवं. आमच्या कामावर सांच्याला द्येत, हजेरी झाल्यावर. आदी दिली तर बाया घरला पोरांकडं पळायच्या." मी लिहून घेतलं, त्यांच्यासमोर वाचून दाखवलं, त्यांनी "आत्ता बराबर" म्हटल्यावर वही मिटली.

मला ती प्रत त्यांना तशीच द्यायची होती. नातवानं घेऊ दिली नाही. दोनशे रुपये ठेवले आणि आजीचं नाव घालून सही मागितली. मी सही केली. आजींनी ती अक्षरं बोटानं चाचपून पाहिली.

आता हिशोब, कारण मागच्या धाग्यावर पुष्कळांनी विचारला होता. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, छपाई धरून ५०० प्रतींना ५६,००० रुपये, म्हणजे प्रतीला ११२. ग्रंथोत्सवात २० टक्के सवलत, म्हणजे २०० रुपयांनी विकलं. ८३ प्रतींचे १६,६००. गाळ्याचे १,५०० आणि एसटी, रिक्षा, चहापाणी, पुठ्ठा मिळून ९०० वजा केले. उरले १४,२००. त्यातून छपाईचे ९,२९६ काढले की ४,९०४ रुपये हातात. हेच वितरकाला ५० टक्के देऊन गेलं असतं तर १२५ मधून ११२ जाऊन प्रतीमागे १३ रुपये. आणि ते तेरासुद्धा कधी, ते सांगता येत नाही. एका वितरकाकडे माझ्या ४० प्रती वर्षभर पडून आहेत. ना प्रती परत, ना पैसे, ना फोन.

ज्यांचं एकच पुस्तक आहे आणि तेही आपल्या मातीचं आहे, त्यांना माझं मनापासून सांगणं: जिल्ह्याचा ग्रंथोत्सव सोडू नका. लेखकानं टेबलामागं बसण्यात कमीपणा कसला?

---

निळी_शाई

ताई, चुंबळीचं वाचून अंगावर काटा आला.

एक शंका. वीस टक्के सवलत द्यायलाच हवी होती का? वाचक समोर, पुस्तक दुसरीकडे मिळत नाही. २५० ला का नाही विकलं?

---

बाजरीचं_कणीस

पहिल्या दिवशी सुरुवातीला २५० लाच सांगत होते. आजूबाजूला सगळीकडे वीस टक्क्यांची पाटी. माणूस सवलत मागत नाही, नुसतं पुस्तक ठेवतो आणि जातो. शिवाय २५० म्हटलं की सुट्ट्यांची अडचण, २०० म्हणजे दोन नोटा. पण दोनशेच्या खाली कुणालाच दिलं नाही, नातेवाइकांनासुद्धा नाही. फुकट तर अजिबात नाही. प्रकाशनाच्या दिवशी मी साठ प्रती भेट दिल्या होत्या, त्यातली किती वाचली गेली कुणास ठाऊक. विकत घेतलेल्यांचे मात्र फोन येतात.

---

वाटाड्या५६

लेख आवडला, पण वितरणाच्या बाजूनं दोन शब्द. मी सव्वीस वर्षं या धंद्यात आहे.

ज्यानं तुमच्या ४० प्रती अडकवल्या तो चुकलाच, त्याची बाजू घेत नाही. पण ५० टक्के ऐकून लोकांना लूट वाटते, तशी ती नाही. त्यातले ३०-३५ टक्के पुढे दुकानदाराला जातात. राहिले पंधरा-वीस, त्यात गोदाम, माणसं, वाहतूक, फाटून-मळून परत आलेला माल आणि सहा-सहा महिन्यांची उधारी. दुकानदार घेतो तो 'विकलं तर पैसे' याच बोलीवर. तुमचं पुस्तक कोल्हापूरच्या, नांदेडच्या, नागपूरच्या दुकानात एकाच वेळी दिसायला हवं असेल तर हे कुणाला तरी करावंच लागतं.

आणि हिशोबात तुमची चार दिवसांची मजुरी धरलेली नाही. ती धरली तर काय उरतं?

---

बाजरीचं_कणीस

तुमचं म्हणणं पटतं, आणि दुकानदाराचा वाटा किती ते मला माहीत नव्हतं. मजुरी धरली नाही हेही खरं. धरली तर त्या ४,९०४ मधले दिवसाला बाराशे-सव्वाबाराशे माझी मजुरीच होते आणि नफा काहीच उरत नाही. मला चालेल. माझ्या पुस्तकातल्या बायकांनी यापेक्षा कितीतरी कमी हाजरीवर दिवसभर खडी फोडली.

पण माझं पुस्तक नांदेडला दिसायची आज गरज नाही. ते म्हसवडला, दहिवडीला, गोंदवल्याला, फलटणला दिसायला हवं, आणि तिथे पुस्तकांची दुकानं म्हणजे शालेय वह्या-पुस्तकांची. तिथवर वितरक येतच नाहीत. तुम्ही त्या भागात काम करत असाल तर नक्की कळवा, मी लेखी करार करून प्रती देईन.

---

वाटाड्या५६

व्यक्तिगत संदेश केलाय. आणि त्या ४० प्रतींसाठी नुसता फोन नको. प्रती दिल्याच्या चलनाची झेरॉक्स जोडून लेखी पत्र पाठवा, पोचपावतीसह. बऱ्याचदा तेवढ्यानं हलतं.

---

टाकळीभर_सूत

पु.ले.शु. (पुढील लेखनास शुभेच्छा). पुस्तक उघडून पालथं ठेवायची युक्ती आमच्या बचत गटाच्या मसाल्यांना कशी लावता येईल, विचार करतेय :)

---

खिळेजुळणी

आमचा छापखाना आहे, म्हणून छपाईपुरतं बोलतो. १७६ पानं म्हणजे डेमी या पुस्तकी आकारात अकरा फॉर्म, एका फॉर्मात १६ पानं एकत्र छापतात. ५०० प्रतींना ५६ हजार, सगळं धरून, हा भाव वाजवी आहे.

तुमचा उत्साह दिसतोय म्हणून सांगतो, दुसरी आवृत्ती एकदम हजाराची काढू नका. हजार छापल्या की प्रतीचा भाव उतरतो, कारण प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च तोच असतो, ते ऐकून सगळे मोहात पडतात. मग उरलेल्या सातशे प्रती पलंगाखाली आणि पावसाळ्यात वाळवी. दोनशे-तीनशे डिजिटलवर काढा. प्रतीला थोडे जास्त जातील, पण आजींची दुरुस्ती लगेच घालता येईल, आणि त्या अकरा जणींशी बोलून झालं की तिसऱ्या आवृत्तीत त्या पण. मुखपृष्ठावर चुंबळ काढून घ्यायला विसरू नका!

---

तालुका_ग्रंथपाल

आमच्यासारख्या 'ब' वर्ग वाचनालयात मी एकवीस वर्षं आहे. त्या ग्रंथपालांनी हात का जोडले ते सांगते. अनुदानित वाचनालयाला ग्रंथखरेदीचा पैसा ठरलेला असतो आणि प्रत्येक पुस्तकाची पावती, दाखलनोंद, सवलतीची टक्केवारी तपासणीत दाखवावी लागते. सुटं एक पुस्तक घ्यायला लेखकाच्या घरी जाणं आम्हाला जमत नाही. ग्रंथोत्सवात सगळं एका मैदानात मिळतं, म्हणून आम्ही खरेदी तेव्हासाठी राखून ठेवतो. त्यामुळे स्थानिक लेखकांनी पावतीपुस्तकासोबत एक छापील पत्रकही ठेवावं: पुस्तकाचं नाव, पानं, किंमत, प्रकाशन वर्ष, आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), संपर्क. आम्ही ते घेऊन जातो, समितीसमोर ठेवतो, मागणी नंतर येते. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे पावती साधीच पुरते.

आयएसबीएन घेतलाय ना? तो आपल्याकडे सरकारकडून विनामूल्य मिळतो, राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय यंत्रणेकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो. मध्यस्थाला पैसे देऊ नका.

आणखी एक. प्रकाशक तुम्हीच आहात, तर १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, मुंबईत टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, चेन्नईच्या कॉनेमारा ग्रंथालयाला आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालयाला पाठवायची असते. स्वतः छापणारे पुष्कळ जण हे विसरतात. पाठवा, ताई. त्या नऊ जणी तिथे राहतील.

---

बाजरीचं_कणीस

आयएसबीएन आहे. पण या चार ग्रंथालयांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. उद्या प्रती बांधते. तुमचं शेवटचं वाक्य वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

---

मुळा_मुठा

फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३च्या डिसेंबरपासून राष्ट्रीय पुस्तक न्यासाचा पुणे पुस्तक महोत्सव भरायला लागला. तिथे मी मित्राच्या गाळ्यावर मदतीला होतो. गर्दी बघून ऊर भरून येतो, तरुण मुलं पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. पण शेकडो गाळ्यांत एका पुस्तकाच्या लेखकाकडे नजर जाणं कठीण, आणि गाळ्याचा खर्चही एकट्याला पेलणारा नसतो. माझा मित्र कादंबरीकार आहे, त्याची खपली ती ज्या प्रकाशकाच्या मोठ्या गाळ्यावर ठेवली होती तिथून. तुमचं पुठ्ठ्यावर गावांची नावं लिहिणं पुण्यात चाललं नसतं. तिथे ज्याला त्याला आपलं गाव सोडून बरीच वर्षं झालेली.

---

बाजरीचं_कणीस

यावर मात्र माझं मत वेगळं आहे. गाव सोडलेल्यालाच गावाचं नाव लांबून दिसतं. शनिवारच्या ३७ मधल्या दहा-बारा प्रती तरी सुट्टीला आलेल्या मुंबईकरांनी आणि पुणेकरांनी नेल्या.

---

लांबचा_पाहुणा

न्यू जर्सीत आहे. आजोळ बिजवडी. पुस्तक कसं मिळेल?

---

बाजरीचं_कणीस

भारतातला पत्ता असेल तर द्या. २०२५च्या १ मेपासून टपालखात्यानं पुस्तकांसाठी 'ज्ञान पोस्ट' सुरू केलंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. माझं पुस्तक वेष्टनासह ३०० ग्रॅमच्या आत बसतं. आधीची रजिस्टर्ड बुकपोस्टची सोय बंद झाली तेव्हा पाठवायचं कसं या चिंतेत होते. बिजवडीच्या तीन जणी आहेत पुस्तकात, पान ६१ पासून.

---

लांबचा_पाहुणा

पुण्यात बहीण आहे, पत्ता पाठवतो. पाच प्रती द्या. सवलत नको.

---

पानवणकर

इथे नेहमी नुसतं वाचतो, आज खातं उघडून लिहितोय. माझी आई बहात्तर साली पाझर तलावाच्या कामावर होती. वडील माथाडीत आले आणि आम्ही कोपरखैरण्याला. आता ती ८१ वर्षांची आहे. तुमचा लेख काल रात्री तिला वाचून दाखवला. चुंबळीपाशी आल्यावर तिनं मला थांबवलं, उठली, जुनं लुगडं फाडून चुंबळ वळून दाखवली. मी माझ्या आईला हे करताना आजवर कधी पाहिलं नव्हतं. मग एक वाजेपर्यंत बोलत होती. मुकादमाचं नाव, हजेरीच्या ओळीत कोण पुढे कोण मागे, कुठल्या बाईचं बाळंतपण कामावरच झालं. मला काय लिहून घ्यावं ते कळेना. फोनवर थोडं रेकॉर्ड केलंय, आवाज नीट आलेला नाही.

तुमच्या वहीत बारावं नाव घालाल का?

---

बाजरीचं_कणीस

घातलं.

रेकॉर्डिंग पुसू नका, आवाज खराब असला तरी. आणि ती चुंबळ उलगडू नका, तशीच ठेवा. मुखपृष्ठ बदलायचं आहे, चित्रकाराला ती समोर ठेवूनच काढायला सांगेन.

पुढच्या आठवड्यात मुलाकडे ठाण्याला येणार आहे. रविवारी तुमच्याकडे येऊ का? आईंची दुपारच्या झोपेची वेळ तेवढी कळवा, म्हणजे त्यानंतर येते.